मायोकार्डायटिस आणि उपजत प्रतिकारशक्ती: पहिल्या चार दिवसांची राखण, पुढच्या चार आठवड्यांची नासधूस

कोरांटी

ताप येऊन गेला, आठवड्याभरानं छातीत दुखू लागलं, ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं, अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मात्र मोकळ्या. मायोकार्डायटिस म्हणजे हृदयस्नायूचा दाह, असं निदान झालं की घरच्यांचे दोन प्रश्न ठरलेले. प्रतिकारशक्ती कमी पडली का? मग ती वाढवायला काय द्यायचं? टाकीतल्या पाण्यासारखी प्रतिकारशक्तीची एक पातळी असते आणि ती वर ठेवली की झालं, ही समजूत या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी आहे. या आजारात ती समजूत फार नडते, म्हणून हा धागा.

सगळ्यात जास्त अभ्यास झालेलं उदाहरण घेऊ: कॉक्सॅकी बी३ विषाणू आणि उंदराचं हृदय. हा विषाणू स्नायुपेशीच्या पृष्ठभागावरच्या 'कार' नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो. अ‍ॅडिनोव्हायरसही तेच प्रथिन वापरतो. हृदयात हे प्रथिन दोन पेशींच्या सांध्यावर दाटीनं असतं. विषाणू आत गेला की त्याचा आरएनए दोन ठिकाणी पकडला जातो. एंडोसोम या पेशीतल्या पिशवीत टीएलआर-३ आणि टीएलआर-७ ही जंतू ओळखणारी प्रथिनं पहाऱ्याला असतात, तर पेशीद्रवात एमडीए-५ हे प्रथिन विषाणूचा दुपदरी आरएनए ओळखतं. एमडीए-५ चा निरोप मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीच्या ऊर्जाघरांच्या) पृष्ठभागावरच्या मॅव्हस या प्रथिनाकडे जातो, तिथून इंटरफेरॉन-बीटा या विषाणूरोधक निरोप्याचं उत्पादन सुरू होतं आणि शेजारच्या पेशी सावध होतात.

विषाणूही गप्प बसत नाही. त्याचं ३सी हे प्रथिनकातर मॅव्हस कापतं आणि टीएलआर-३ चा निरोप्या ट्रिफ, तोही कापतं. म्हणजे आरडाओरडा करणाऱ्याचा गळाच आवळायचा. त्याचं दुसरं कातर, २ए, डिस्ट्रोफिन कापतं. डिस्ट्रोफिन स्नायुपेशीच्या आतल्या सांगाड्याला बाहेरच्या आवरणाशी बांधून ठेवतं. ते तुटलं की प्रत्येक ठोक्यागणिक आवरणावर ताण येतो आणि पेशी गळू लागते. लिम्फोसाइट (टी-पेशींसारख्या पांढऱ्या पेशी) अजून हृदयात पोचलेले नसताना हे सगळं घडतं.

उंदरात साधारण क्रम असा: पहिले ३-४ दिवस विषाणूची वाढ आणि उपजत (जन्मतःच असलेल्या, जंतूची ओळख नसतानाही लगेच लढणाऱ्या) प्रतिकारशक्तीची झटापट. नैसर्गिक मारक पेशी याच काळात कामाला येतात, त्या काढून टाकल्या तर हृदयात विषाणू जास्त वाढतो. ७ ते १० व्या दिवशी दाह शिगेला पोचतो आणि टी-पेशी मोठ्या संख्येनं दिसतात. दोन आठवड्यांच्या आसपास जिवंत विषाणू संपतो. त्यानंतर सी५७ब्लॅक/६ जातीचे उंदीर बहुतेक बरे होतात, तर बाल्ब/सी आणि ए/जे या जातींत दाह रेंगाळतो आणि ३५ व्या दिवसापर्यंत हृदय फुगलेलं सापडतं. विषाणू तोच, मात्रा तीच, पण सुरुवातीला वाजलेली घंटा कुणाच्या बाबतीत थांबते, कुणाच्या बाबतीत वाजतच राहते.

माझं म्हणणं एवढंच की पहिल्या टप्प्यात जी यंत्रणा जीव वाचवते, तीच पुढे स्नायू खाते. औषध देताना आणि घरगुती सल्ला देतानाही पहिला प्रश्न 'आज कितवा दिवस' हा असला पाहिजे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

दीपमाळ

चांगली सुरुवात. विषाणू येण्याआधीच हृदयात कोण राहतं, ते आधी सांगायला हवं, कारण बाहेरून येणारे आणि घरचे यांतला फरक कळला नाही तर पुढचं सगळं गोंधळाचं वाटतं.

निरोगी हृदयातही मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी, असतात. त्यांचे ढोबळ दोन गट. सीसीआर२ हा रिसेप्टर (निरोप पकडणारा पेशीवरचा रेणू) नसलेले मॅक्रोफेज गर्भावस्थेतच हृदयात मुक्कामाला येतात आणि तिथल्या तिथे विभागून आपली संख्या राखतात. सीसीआर२ असलेले रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून बनतात आणि त्यांची भरती अस्थिमज्जेतून होत राहते. माणसात याचा सुंदर पुरावा हृदयप्रत्यारोपणातून मिळाला. दाता आणि रुग्ण भिन्न लिंगांचे असतील तर गुणसूत्रांवरून पेशी कुणाची ते ओळखता येतं. बसवलेल्या हृदयात सीसीआर२ नसलेले मॅक्रोफेज बराच काळ दात्याचेच राहतात, सीसीआर२ असलेल्यांची जागा मात्र रुग्णाच्या पेशी घेतात.

घरचे मॅक्रोफेज झाडलोट करतात. स्नायुपेशी आपले निकामी मायटोकॉन्ड्रिया गाठोड्यात बांधून बाहेर टाकतात, ते हे उचलतात. एव्ही नोडपाशी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खाली विद्युतलहर नेणाऱ्या गाठीपाशी) असलेले मॅक्रोफेज कोनेक्झिन-४३ च्या जोडणीतून स्नायुपेशींशी विद्युत संबंधही ठेवतात. मायोकार्डायटिसमध्ये एव्ही ब्लॉक (त्या लहरीला अडथळा) का दिसतो, याचं सगळं उत्तर यात नाही, पण दाहाच्या पेशी आणि विद्युतवहन हे दोन वेगळे विषय नाहीत एवढं तरी यातून दिसतं.

पेशी फुटल्या की सीसीआर२ असलेला गट एमसीपी-१ आणि आयएल-१बीटा हे दाहाचा निरोप देणारे रेणू सोडतो, त्या हाकेवर आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आणि पाठोपाठ मोनोसाइटची झुंड येते. या झुंडीचा ओघ घरच्या मॅक्रोफेजना संख्येनं झाकून टाकतो. म्हणून 'मॅक्रोफेज वाईट' असं सरसकट वाक्य कुठे दिसलं तर कुठल्या गटाबद्दल आहे ते विचारावं. सगळे मॅक्रोफेज मारणारं औषध दिलं तर कचरा उचलणाराही जातो आणि जखम भरून येणं बिघडतं.

तळटीप

एक शंका. उपजत यंत्रणेतला एखादा दुवा तोडला तर उंदराचं भलं होतं की वाईट? टीएलआरवरचे निष्कर्ष वाचताना एकमेकांशी भांडणारे वाटतात.

कोरांटी

भांडण वरवरचं आहे. टीएलआर-३ किंवा एमडीए-५ नसलेल्या उंदरांचं वाईट होतं, कारण त्यांची इंटरफेरॉनची पहिली फळीच कोलमडते आणि विषाणू मोकाट वाढतो. टीएलआर-४ चा दोष असलेल्या किंवा मायडी८८ (टीएलआरचा निरोप आत नेणारं प्रथिन) नसलेल्या उंदरांत मात्र हृदयाचा दाह कमी दिसतो. मायडी८८ ची वाट मुख्यतः एनएफ-कप्पा-बी या दाहाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाकडे जाते, आणि आयएल-१ व आयएल-१८ यांचे रिसेप्टरही तीच वाट वापरतात. म्हणजे एक वाट विषाणूला अडवते, दुसरी दाहाला हवा देते. दोन्ही एकाच 'उपजत' नावाखाली येतात, म्हणून गोंधळ.

बाल्टिमोरमध्ये नोएल रोझ यांच्या गटानं याच बाबतीत एक जुना, पण मला अजूनही सगळ्यात बोलका वाटणारा प्रयोग केला. कॉक्सॅकी बी३ नंतर चिरकारी मायोकार्डायटिस न होणाऱ्या, म्हणजे जातीनं काटक उंदरांना विषाणूबरोबर एलपीएस (जीवाणूंच्या आवरणातला रेणू) किंवा आयएल-१ दिलं, तर तेही आजारी पडले. जनुकं बदलली नव्हती, विषाणू बदलला नव्हता. फक्त सुरुवातीची घंटा मोठ्यानं वाजवली. प्रतिकारशक्ती 'वाढवण्याचा' सल्ला देणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा.

मेतकूट

वरच्या मुद्द्याला जोडून प्रयोगशाळेतली बाजू. विषाणूशिवायही उंदरात मायोकार्डायटिस घडवता येतो. बाल्ब/सी उंदराला अल्फा-मायोसिन हेवी चेन या हृदयस्नायूतल्या प्रथिनाचा ६१४ ते ६२९ हा तुकडा १०० ते २०० मायक्रोग्रॅम, फ्रॉइंडच्या पूर्ण अ‍ॅडज्युव्हंटमध्ये (प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या तेलकट मिश्रणात) मिसळून ० आणि ७ व्या दिवशी त्वचेखाली देतात. २१ व्या दिवशी दाह शिगेला असतो. अर्थात संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी हातात असल्याशिवाय यातलं काहीच सुरू करायचं नाही.

'पूर्ण' या शब्दाकडे लक्ष द्या. त्यात मृत क्षयजंतू असतात. ते वगळून नुसतं तेल आणि पेप्टाइड दिलं तर आजार होत नाही. स्वतःच्या मायोसिनविरुद्धच्या टी-पेशी शरीरात असतातच. थायमस या टी-पेशी घडवणाऱ्या ग्रंथीत अल्फा-मायोसिन नीट दाखवलं जात नाही, त्यामुळे त्या गाळणीतून सुटतात. पण जंतूचे तुकडे टी-पेशींना दाखवणाऱ्या डेंड्रायटिक पेशीला टीएलआरमार्फत धोक्याचा इशारा मिळाल्याशिवाय ती त्या टी-पेशींना उठवत नाही. उपजत आणि अर्जित (जंतू ओळखून नंतर घडलेल्या) प्रतिकारशक्तीमधला पूल तो हाच.

हे प्रारूप फसतं ते बहुतेक वेळा मिश्रणामुळे. पेप्टाइडचं द्रावण आणि अ‍ॅडज्युव्हंट समान मापात घेऊन दोन काचेच्या सिरिंजमधून, मध्ये जोडणी लावून, बर्फावर ठेवत पुन्हा पुन्हा ढकलायचं, हाताला घट्ट लागेपर्यंत. मग एक थेंब थंड पाण्यावर सोडून पाहायचा. थेंब अखंड राहिला पाहिजे. पसरला तर मिश्रण जमलेलं नाही, आणि ते टोचलं की निम्मे उंदीर निरोगी निघतात. त्याचा दोष पेप्टाइडवर ढकलला जातो. दुसरी चूक म्हणजे हृदयाचा एकच काप पाहणं. दाह ठिपक्याठिपक्यांनी असतो, टोकापासून तळापर्यंत अनेक पातळ्यांवर काप घेतल्याशिवाय गुणांकन करू नये. तिसरी चूक जातीची: ब्लॅक/६ उंदरांवर हेच पेप्टाइड वापरून 'आजार झाला नाही' म्हणणं. त्या जातीत ते चालत नाही.

शेवंती

इन्फ्लमासोमचा (पेशीतल्या दाह पेटवणाऱ्या प्रथिनसंचाचा) विषय अजून आला नाही आणि औषधांचं बरंचसं बोलणं त्यापाशीच येऊन थांबतं, म्हणून सविस्तर लिहिते.

एनएलआरपी३ नावाचं प्रथिन पेशीत सुट्ट्या भागांच्या रूपात असतं. ते जुळायला दोन इशारे लागतात. पहिला टीएलआरमार्फत: एनएफ-कप्पा-बी जागं होतं आणि एनएलआरपी३ व कच्चं आयएल-१बीटा तयार होतं. दुसरा इशारा पेशीच्या आतून: पोटॅशियम बाहेर गळणं, मायटोकॉन्ड्रियातून निघणारे ऑक्सिजनचे विघातक रेणू, फुटलेल्या लायसोसोममधला कॅथेप्सिन बी. दोन्ही मिळाले की एनएलआरपी३, एएससी आणि कॅस्पेज-१ यांचं चाक जुळतं. कॅस्पेज-१ कच्च्या आयएल-१बीटा व आयएल-१८ ला धार लावतं आणि गॅसडर्मिन-डीचंही विभाजन करतं. त्याचे तुकडे पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात. पेशी फुटते, आतला माल बाहेर सांडतो: मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, एचएमजीबी-१, एटीपी, आयएल-१अल्फा. शेजारच्या मॅक्रोफेजला हाच माल नवा इशारा म्हणून मिळतो. जंतू संपल्यावरही आग चालू राहते ती या फेऱ्यामुळे.

मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएबद्दल थोडं. मायटोकॉन्ड्रिया मुळात जीवाणूंचे वंशज, म्हणून त्यांच्या डीएनएत जीवाणूंसारखे मिथाइल नसलेले सीपीजी भाग असतात आणि टीएलआर-९ त्यांना जीवाणू समजतं. हृदयस्नायूच्या पेशीचा सुमारे एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियानं व्यापलेला असतो. हृदयाची पेशी फुटणं इतकं दाहक का ठरतं, याचं एक कारण इथे आहे.

आता कोल्चिसिन. ते मायक्रोट्यूब्यूल (पेशीच्या आतल्या बारीक नळ्या) जुळू देत नाही, त्यामुळे एनएलआरपी३ चे भाग एकत्र आणण्याचं काम अडतं आणि न्यूट्रोफिलची हालचालही मंदावते. पेरिकार्डायटिसमध्ये (हृदयावरच्या आवरणाच्या, म्हणजे पेरिकार्डियमच्या दाहात) ते सिद्ध झालेलं औषध आहे, ०.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वजन ७० किलोपेक्षा कमी असेल तर एकदा. पेरिकार्डियम आणि स्नायू दोन्ही सुजलेले असतील तेव्हाही ते दिलं जातं. पण निव्वळ विषाणूजन्य मायोकार्डायटिसमध्ये उंदरांवरचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत: एका अभ्यासात कॉक्सॅकी बी३ झालेल्या उंदरांचं कोल्चिसिननं आणखी बिघडलं, दुसऱ्यात डाव्या जवनिकेचं (रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याचं) काम सुधारलं आणि इन्फ्लमासोमची खूण कमी झाली. जात, मात्रा, सुरुवातीचा दिवस, सगळंच वेगळं. म्हणून मी ते 'सुरक्षित आहे, देऊन बघू' या वर्गात टाकणार नाही.

क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर कोल्चिसिनची रक्तातली पातळी धोकादायक वाढते. ताप-खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन आधीच चालू असतं आणि कुणी विचारत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावीच लागते. जुलाब लागले तर ते पहिलं चिन्ह समजावं.

आणि कळकळीची विनंती. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं, ही माहिती वाचून कुणी कंद उगाळून देण्याच्या फंदात पडू नये. कंदात किती कोल्चिसिन आहे ते घरी मोजता येत नाही, औषधी आणि मारक मात्रेत अंतर थोडं आहे, आणि विषबाधेवर उतारा म्हणून सहज मिळणारं काही नाही.

भरती_ओहोटी

आपल्याकडच्या आजारांची नोंद हवी. पाश्चात्त्य लेखनात कॉक्सॅकी, पार्व्होव्हायरस बी१९ आणि मानवी हर्पीस-६ यांवर भर असतो. पार्व्होव्हायरस स्नायुपेशीत शिरत नाही, बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरतो, म्हणून त्याचं दुखणं हार्ट अटॅकसारखं भासतं. लॅटिन अमेरिकेत ट्रिपॅनोसोमा या परजीवीचा चागास आजार. महाराष्ट्रात पावसाळ्यात ताप आणि हृदयाची तक्रार एकत्र दिसली तर डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस या तिघांचा विचार आधी करावा लागतो. कोकणात लेप्टो, विदर्भात स्क्रब टायफस विशेषकरून.

लेप्टोची एक गोष्ट या धाग्याला नेमकी लागू पडते. बहुतेक ग्राम-निगेटिव्ह जीवाणूंचं एलपीएस टीएलआर-४ ओळखतं. लेप्टोस्पायराच्या एलपीएसची घडण वेगळी आहे. माणसाचं टीएलआर-४ ते नीट ओळखत नाही, टीएलआर-२ मार्फत ओळख पटते. उंदराचं टीएलआर-४ मात्र ते ओळखतं. उंदीर-घुशी जंतू बाळगून ठणठणीत फिरतात आणि शेतात चिखलणी करणारा माणूस आजारी पडतो, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

डेंग्यूमधला हृदयदाह बहुतेकदा तात्पुरता असतो, पण सलाइनच्या हिशेबात तो घातक ठरतो. केशवाहिन्या गळत असतात तोवर द्रव द्यावाच लागतो. दोन-तीन दिवसांनी तोच द्रव रक्तात परततो आणि हृदय ढिलं असेल तर फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून नाडी मंद किंवा अनियमित वाटली, दम लागला, तर सलाइनचा वेग ठरवण्याआधी इको करून घ्यावा.

लाल विंचवाच्या दंशात हृदयस्नायू बिघडतो तो मुळात अ‍ॅड्रिनलिन-नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या लोंढ्यामुळे. जंतू नाही, लस नाही, तरी पेशी मरतात, त्यांचा माल सांडतो आणि दाहाच्या पेशी मागाहून येतात. इथे दाहावर मारा करून उपयोग नसतो, लोंढा थोपवावा लागतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन वापरून दाखवलं ते याच तत्त्वावर, आणि दगावणाऱ्यांचं प्रमाण त्यानं खूप खाली आलं. ट्रोपोनिन वाढलं म्हणजे मायोकार्डायटिसच, असं का म्हणू नये, याचं हे आपल्या मातीतलं उदाहरण.

तळटीप

मग थेट प्रश्न. उपजत यंत्रणा इतकी समजली आहे तर तिला रोखणारी औषधं माणसात का चालली नाहीत?

दीपमाळ

याचा इतिहास सलग पाहिला की उत्तर दिसतं.

१९९५ साली अमेरिकेतल्या मायोकार्डायटिस ट्रीटमेंट ट्रायलमध्ये १११ रुग्ण होते. प्रेडनिसोनबरोबर सायक्लोस्पोरिन किंवा अ‍ॅझाथायोप्रिन देऊन काही फरक पडला नाही. ऊतीत विषाणू आहे की नाही, हे पाहून रुग्ण निवडलेले नव्हते. २००९ मध्ये रोमच्या टिमिक चाचणीनं ते पाहिलं. ८५ रुग्ण, सहा महिन्यांपेक्षा जुना आजार, बायोप्सीत दाह आहे पण विषाणूचा जीनोम नाही. प्रेडनिसोन किलोमागे १ मिलिग्रॅम चार आठवडे, मग ०.३३ मिलिग्रॅम पाच महिने, सोबत अ‍ॅझाथायोप्रिन किलोमागे २ मिलिग्रॅम सहा महिने. औषध मिळालेल्यांपैकी ८८ टक्क्यांचं हृदय सुधारलं. औषधं जवळजवळ तीच, निवड वेगळी.

आता उपजत यंत्रणेवरची औषधं. टीएनएफ हा दाहाचा निरोप रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब २००३ च्या अटॅच चाचणीत १५० जणांवर तपासलं गेलं. ते रुग्ण जुन्या हृदयदौर्बल्याचे होते, मायोकार्डायटिसचे नव्हते. किलोमागे १० मिलिग्रॅमच्या गटात मृत्यू आणि भरती वाढल्या. आयएल-१ रोखणारं अ‍ॅनाकिन्रा फ्रान्सच्या अ‍ॅरामिस चाचणीत १२० रुग्णांना तपासलं, निकाल २०२३ मध्ये जाहीर झाला. धोका वाढला नाही, पण गुंतागुंतीविना गेलेल्या दिवसांत फरकही दिसला नाही. त्यात बहुतेक रुग्ण असे होते की त्यांचं आपोआपच बरं होणार होतं. जिथे वाईट घटनाच थोड्या, तिथे औषधाला दाखवायला जागा कुठे उरते? उलट बाजूनं, विषाणू टिकून असलेल्या १४३ रुग्णांना युरोपात इंटरफेरॉन-बीटा दिलं. विषाणूचा भार कमी झाला, पण पार्व्होव्हायरस फारसा हटला नाही.

म्हणजे फसलं ते मुख्यतः रुग्ण आणि वेळ निवडण्यात. झपाट्याचा आजार, रक्तदाब ढासळलेला, अशा रुग्णाला सुरुवातीलाच मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम तीन दिवस द्यावं का, हे तपासायला मिथ्स नावाची चाचणी आखली गेली, ती योग्य गटाकडे वळली असं मला वाटतं. जायंट सेल (महाकाय पेशींचा), इओसिनोफिलिक (इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा) आणि कर्करोगावरच्या, प्रतिकारशक्तीचा लगाम सोडणाऱ्या चेकपॉइंट औषधांमुळे होणारा मायोकार्डायटिस या तिन्हींत मात्र थांबून चालत नाही, स्टिरॉइड लगेच. चेकपॉइंट औषधांच्या रुग्णात ट्रोपोनिन-टी अंगाच्या स्नायूंच्या दाहानंही वाढतं, म्हणून ट्रोपोनिन-आय सोबत पाहावं.

मेतकूट

शेवटच्या तिघांत मुख्य मारेकरी टी-पेशी आणि इओसिनोफिल आहेत, हेही लिहायला हवं. तिथे उपजत यंत्रणेचं स्थान दुय्यम. सगळे मायोकार्डायटिस एका साच्यात बसवू नयेत.

दीपमाळ

मान्य. इओसिनोफिल उपजत यंत्रणेतलेच, पण त्यांना हाक टी-पेशींच्या आयएल-५ मुळे मिळते. सीमारेषा पुसट आहे.

सूक्ष्मदर्शी

विषाणू आहे की नाही हे कळल्याशिवाय निवड होत नाही, आणि ते कळतं बायोप्सीतून. नमुना घेण्यातच घोटाळे होतात, म्हणून तपशील देतो.

नमुना उजव्या जवनिकेतून, पडद्याच्या बाजूनं घेतात. पातळ मोकळ्या भिंतीला चिमटा लावला तर भोक पडून हृदयाभोवती रक्त साचू शकतं. किमान पाच तुकडे, प्रत्येकी १ ते २ घन मिलिमीटर, वेगवेगळ्या जागचे. तुकडा चिमट्यानं दाबून उचलायचा नाही, सुईच्या टोकानं अलगद सोडवायचा. नेहमीच्या तपासणीचे तुकडे १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, आणि फॉर्मेलिन खोलीच्या तापमानाचं हवं. फ्रिजमधून काढलेल्या थंड फॉर्मेलिनमध्ये जिवंत स्नायू आकसतो आणि आडवे पट्टे उमटतात. ते पाहून पेशी मेल्या असा चुकीचा अहवाल जाऊ शकतो. विषाणूच्या पीसीआरसाठीचे तुकडे फॉर्मेलिनला न लावता द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांवर, किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात. त्याच वेळी ईडीटीएच्या नळीत रक्तही घ्यावं आणि त्याचाही पीसीआर करावा, नाहीतर स्नायूत सापडलेला विषाणू स्नायूचा की तुकड्यातल्या रक्ताचा, हे सांगता येत नाही.

१९८० च्या दशकातले डॅलस निकष साध्या रंगलेपनावर आधारलेले होते. मॅक्रोफेज त्यात सहज नजरेतून सुटतात. म्हणून आता प्रतिपिंड वापरून सीडी३ (टी-पेशींची खूण), सीडी६८ (मॅक्रोफेजची खूण) वगैरे रंगवतात. युरोपीय निकषात चौरस मिलिमीटरमागे १४ किंवा जास्त पांढऱ्या पेशी, त्यांत मोनोसाइट ४ पर्यंत, आणि सीडी३ टी-पेशी ७ किंवा जास्त. दाह ठिपक्यांचा असतो, म्हणून नकारार्थी बायोप्सीनं आजार नाही असं सिद्ध होत नाही.

प्रत्येकाला बायोप्सी लागत नाही. दोन आठवड्यांच्या आतला आजार आणि रक्तदाब ढासळलेला, किंवा हृदय फुगलेलं आणि सोबत जवनिकेची अनियमित लय वा वरच्या दर्जाचा ब्लॉक, किंवा एक-दोन आठवडे नेहमीचे उपचार देऊनही सुधारणा नाही, अशा वेळी जायंट सेल चुकवू नये म्हणून ती करावी.

बाकीच्यांना एमआरआय. २०१८ च्या सुधारित लेक लुईस निकषांत (टी१, टी२ म्हणजे एमआरआय चित्र घेण्याच्या दोन पद्धती) टी२ वर आधारलेली एक खूण म्हणजे सूज, आणि टी१ वर आधारलेली एक खूण म्हणजे इजा, अशा दोन लागतात. गॅडोलिनियम हा चित्र उठावदार करणारा द्रव दिल्यावर १० ते १५ मिनिटांनी घेतलेल्या चित्रात मायोकार्डायटिसचा डाग बहुधा बाहेरच्या थरात, बाजूच्या किंवा खालच्या-बाजूच्या भिंतीत असतो. हार्ट अटॅकचा डाग आतल्या थरापासून सुरू होतो. तपासणी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करावी. पुढे सूज ओसरते आणि टी२ ची खूण हरवते. टी२ मॅपिंगचा नॉर्मल आकडा यंत्रागणिक बदलतो, दुसऱ्या केंद्राचा आकडा आपल्या अहवालाला लावू नये.

शेवंती

घरच्यांच्या कामाचं एक राहिलं: दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. कॉक्सॅकी बी३ झालेल्या उंदरांत अशा औषधांनी मृत्यू वाढलेले दिसले आहेत. पेरिकार्डियमचं दुखणं मुख्य असेल आणि इकोत हृदयाचं काम चांगलं असेल तर डॉक्टर ती देतात. पंपाची ताकद घटलेली असेल तर टाळतात. दुकानातून स्वतःच्या मनानं घेऊ नयेत.

तळटीप

आणि व्यायाम? जिम, ट्रेकिंग, भरतीची तयारी करणारी तरुण मुलं हे विचारतात. 'घाम काढला की ताप उतरतो' असंही त्यांना सांगणारे असतात.

कोरांटी

तापात घाम काढायला पळू नये, हे ठाम. कॉक्सॅकी झालेल्या उंदरांना पोहायला लावलं की हृदयातला विषाणू कित्येक पटींनी वाढला आणि मरणाऱ्यांची संख्याही वाढली, हे १९७० पासून माहीत आहे. पहिल्या चार दिवसांची राखण आपणच मोडून काढल्यासारखं होतं ते.

निदान झाल्यावर जोराचा व्यायाम ३ ते ६ महिने बंद, हा वर्षानुवर्षांचा नियम. आता ती मुदत रुग्णागणिक ठरवण्याकडे कल आहे. परत सुरू करण्याआधी ट्रोपोनिन आणि सीआरपी (दाहाची रक्तातली खूण) नॉर्मल, इकोत पंपाची ताकद नॉर्मल, २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ठेवायच्या ईसीजी यंत्रात) आणि ट्रेडमिलवर घातक लय नाही, एवढं हवं. एमआरआयमध्ये डाग उरला असेल तर पुन्हा एमआरआय करून तो वाढत नाही ना, ते पाहावं. घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलेलं असेल किंवा मायोकार्डायटिस पुन्हा झाला असेल, तर डेस्मोप्लाकिनसारख्या जनुकांची तपासणी मागावी. तिथे पेशींचे सांधे मुळातच कच्चे असतात, ताणानं पेशी फुटतात आणि शेवंती यांनी सांगितलेला सांडलेल्या मालाचा फेरा जंतूशिवाय सुरू होतो. अशा मुलाला सहा महिन्यांनंतरही 'आता पळ' असं सांगण्याआधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारायचं.